नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे जाहीर आभार

विद्यापीठातून आमच्या मुलांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांनो, मनापासून आभार! प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे आई-वडिलांऐवजी काही काळ सांभाळणाऱ्या कुटुंबांत, वाढणाऱ्या मुलांचं घर बदलतं, त्यासोबत कित्येकदा शाळाही, आणि वाचनाची गोडी तिथंच तुटते. तुम्ही चिमुकल्यांना शेजारी बसवून तेच पुस्तक पुन्हापुन्हा मोठ्यानं वाचलंत, मध्येच थांबून 'आता काय होईल?' असं विचारलंत. शब्द असेच रुजतात, धाकानं नाही. पुस्तकं मुलांकडेच राहू दिलीत, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. नव्या घरी जाताना ती सोबत जातात.

आणि १८ वर्षं पूर्ण होताना आधार सुटेल या धास्तीत असलेली मोठी मुलं! त्यांच्याजवळ बसून तुम्ही प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेतलेत. 'पालकांची सही' या रकान्यापाशी अडलेल्या एकालाही तुम्ही एकटं सोडलं नाहीत.