त्या ऋण चिन्हासाठी आभार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

खान्देशातील विज्ञान शाखेच्या मुलामुलींनीही वाचावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

जळगावात पारा 45 अंशांवर होता, चोपड्याहून एस.टी.ने येऊन मी प्रबंधासाठी केल्व्हिनच्या एक कोट्यंश भागाइतक्या तापमानातील वायूंची गणिते सोडवत होते. दोन बोस वायूंच्या (अतिथंड झाल्यावर ज्यांचे अणू एकाच क्वांटम अवस्थेत गोळा होतात, अशा वायूंच्या) आपापल्या अणूंमधील प्रतिकर्षणांचा गुणाकार त्यांच्या परस्पर प्रतिकर्षणाच्या वर्गापेक्षा मोठा असला, तरच ते एकजीव राहतात, हे सूत्र मला पाठ होते. परंतु भौतिकशास्त्रज्ञ बोगोल्युबोव यांच्या 1947 च्या पद्धतीने उत्तेजने, म्हणजे वायूत उठणाऱ्या लहान लहरी, काढताना त्यांच्या वारंवारतेचा वर्ग ऋण येऊ लागला. वास्तव संख्येचा वर्ग तर कधी ऋण नसतो. तीन आठवडे मी प्रोग्रॅममधील चूक शोधली. विषय बदलण्याचा अर्जही लिहून ठेवला होता.

आपण संगणक बंद करायला सांगितलेत आणि समान वस्तुमानाच्या दोन घटकांचे सोपे उदाहरण कागदावर मलाच शेवटपर्यंत सोडवायला लावलेत. त्यातून दोन शाखा निघाल्या : एकीत दोन्ही वायूंची घनता बरोबरीने वाढते-घटते, तर दुसरीत एकाची वाढते तेथे दुसऱ्याची घटते, आणि ऋण चिन्ह नेमके दुसऱ्या शाखेत, तेही फक्त लांब तरंगलांबीच्या लहरींना येत होते. चूक नव्हतीच, मिसळून राहणे शक्य नाही, असे तो वायूच सांगत होता. डब्यातील शेवभाजीवरची तर्री दाखवून आपण बजावलेत, की तेल वर येते ते हलके म्हणून, पण वेगळे राहते ते रेणूंच्या वागण्यामुळे. आपल्या वायूसाठी त्यातली दुसरीच गोष्ट घ्यायची.

परस्पर आकर्षण वाढले की मिश्रण आतल्या आत आकसून कोसळते, एवढेच मी लिहिले होते. तेव्हा आपण पेट्रोव यांचा 2015 चा शोधनिबंध हाती दिलात. ली, हुआंग आणि यांग यांनी 1957 मध्ये मांडलेली क्वांटम चढउतारांची (अतिथंडीतही न थांबणाऱ्या सूक्ष्म हालचालींची) दुरुस्ती ते कोसळणे थोपवू शकते आणि वायूचे स्वतःहून टिकणारे थेंब बनतात, हे वाचून त्या रात्री मला झोप आली नाही. बार्सिलोना आणि फ्लॉरेन्स येथील प्रयोगांत पोटॅशियम-39 चे असे थेंब प्रत्यक्ष दिसले आहेत.

वायू धरून ठेवणारा सापळा पुरेसा अरुंद असला तर ती लांब लहर त्यात मावतच नाही आणि वेगळे होऊ पाहणारे मिश्रणही टिकते, हे आपण निघता निघता म्हणाला होतात. त्या एका वाक्याचे माझ्या प्रबंधात तिसरे प्रकरण झाले आहे, आणि त्यासाठी मी आपली विशेष आभारी आहे.

आपली विद्यार्थिनी