लॅपटॉपवाल्या दादांचे जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

तापकीर गल्लीतल्या तुमच्या दुकानात आमच्या सोसायटीचे हिशेब बचावले, त्याबद्दल सगळ्या सभासदांच्या वतीने आणि माझ्याकडून मनापासून आभार.

लॅपटॉप चालू केला की निळा पडदा यायचा: दुरुस्ती हवी, इन्स्टॉलेशन डिस्क घाला. अशी डिस्क खोक्यात कधी आलीच नव्हती. रिकव्हरीचा, म्हणजे विंडोज पुन्हा बसवायचा भाग हार्ड डिस्कवरच एका कोपऱ्यात ठेवलेला, आणि बिघडली होती तीच हार्ड डिस्क. तुमच्याआधी जिथे गेले तिथे उत्तर ठरलेलं, "रिकव्हरी डिस्क आणा, नाहीतर फॉरमॅट मारू. डेटाची गॅरंटी नाही." ऑडिट तोंडावर आलेलं. खजिनदार म्हणून माझी झोप उडाली होती.

तुम्ही मात्र आधी विचारलंत, "ताई, यातलं काय गेलं तर चालणार नाही?" टॅलीचा, म्हणजे आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा म्हटल्यावर तुम्ही विंडोज दुरुस्त करायच्या भानगडीतच पडला नाहीत. हार्ड डिस्क बाहेर काढलीत, तिच्यावर कागदी टेप चिकटवून पेनाने लिहिलंत, "मूळ. यावर काही लिहू नये." मग ती तुमच्या लिनक्सच्या (विंडोजऐवजी दुसऱ्या सिस्टिमवर चालणाऱ्या) कॉम्प्युटरला जोडून डीडीरेस्क्यू नावाचा, बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा उतरवून घेणारा प्रोग्राम सुरू केलात. तो आधी डिस्कचा धडका भाग भराभर उतरवून घेतो, अडेल ती जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी त्या सोडलेल्या जागांशी पुन्हा पुन्हा झटतो, हे तुम्ही स्क्रीनवरचे आकडे दाखवत समजावलंत. गिऱ्हाइकांची रांग असताना. मरायला टेकलेल्या डिस्कवर थेट दुरुस्ती चालवली असती तर उरलंसुरलंही गेलं असतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. टॅलीचा फोल्डर नव्या डिस्कवर उघडून ताळेबंद जुळतोय का, हे तुम्ही मलाच बघायला लावलंत. पैशाचा व्यवहार असाच व्हावा.

रिकव्हरी डिस्कचं भूतही तुम्हीच उतरवलंत. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज 10 फुकट उतरवता येतं, 8 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. विंडोज 8 पासून लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची 'की', म्हणजे परवान्याचा कोड, बहुतेक वेळा मदरबोर्डच्या चिपमध्येच असते, इन्स्टॉल करताना ती आपोआप वाचली जाते. आमच्या लॅपटॉपचं तसंच झालं, ॲक्टिव्हेशनसाठी एक अक्षरही टाइप करावं लागलं नाही. नवीन डिस्क एसएसडी, म्हणजे जलद चालणाऱ्या प्रकारची असल्यामुळे आता मशीन असं पळतं की आमचे सेक्रेटरी काका नवा घेतला का म्हणून विचारतात.

आणखी एका गोष्टीचं मोल मला फार वाटतं. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि आमच्या लॅपटॉपमधल्या इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, हे तुम्ही बिल करण्याआधी सांगितलंत. "आत्ता ऑडिट काढा, पुढच्या बजेटमध्ये नवीन मशीनची तरतूद धरा." नवा लॅपटॉप माझ्या गळ्यात मारणं त्या दिवशी तुम्हाला सहज जमलं असतं.

ऑडिट वेळेत झालं, एकही व्हाउचर कमी पडलं नाही. येत्या वार्षिक सभेत तुमच्या अभिनंदनाचा ठराव मी मांडते आहे. इतिवृत्ताची प्रत घेऊन दुकानात येईन, तेव्हा बॅकअपसाठी कोणती बाहेरची डिस्क घ्यावी तेही विचारायचं आहे.

आपली कृतज्ञ,
सोसायटीची खजिनदार, पुणे