बोटीच्या गाद्यांबद्दल सूचना

तारकर्ली-देवबागच्या सर्व बोटवाल्या सभासदांना कळविण्यात येते की, पावसाळ्यात शाकारून ठेवलेल्या बोटींच्या रेक्झिन गाद्या हंगामाआधी उतरवून धुऊन घ्याव्यात.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. एक भाग पांढरा व्हिनेगर, एक भाग पाणी मारून पंधरा मिनिटे थांबा, मग मऊ ब्रशने शिवणीच्या दिशेने घासा. पर्यटकांच्या सनस्क्रीनचे पिवळे डाग आणि माशाच्या तेलाला भांड्यांचा साबण व कोमट पाणी पुरते. राहिलेच तर खायच्या सोड्याची पेस्ट. शेवटी गोड्या पाण्यानेच धुवा. खाऱ्या पाण्याने धुतलेली गादी पुन्हा ओल धरते.

थिनर कृपया नको! गेल्या वर्षी मीच लावला होता. डाग गेला, पण रेक्झिन महिन्याभरात कडक होऊन पापडासारखे तडकले. ब्लीचने शिवणीचा दोरा कुजतो. आणि ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र करू नये, विषारी वायू होतो.

गुलाबी डाग मात्र घासत बसू नका. तो रंग आतल्या फोममधल्या जंतूंचा, वरून निघत नाही. कव्हरच बदला.

गाद्या उभ्या करून, चेन उघडून, सावलीत वाळवा.

– सचिव