कचऱ्याच्या डब्यातले अडीच फूट

बाई,

पत्रात तुमचं नाव घालत नाही. घातलं तर फोन करून झापाल. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ज्यांनी तुमच्या हाताखाली काम केलंय ते पहिल्या दोन ओळींत ओळखतील, आणि बाकीच्यांचं न ओळखून काही अडत नाही. समोर बसून आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. एकदा तुम्ही विषय बदललात, दुसऱ्यांदा पोहे टाकायला उठलात. म्हणून आता हे उघड पत्र. यातून उठून जाता येणार नाही.

निमित्त म्हणाल तर गेल्या महिन्यातला एक फोन. मास कॉम करून दोन वर्षं झालेली मुलगी. ‘मॅडम, आकाशवाणी, दूरदर्शन, एज्युकेशनल मीडिया यात करिअर आहे का हो?’ मी तिच्याशी तासभर बोलले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, यातलं माझं असं एकही वाक्य नव्हतं. सगळी तुमची होती. फक्त तुमच्या शिव्या तेवढ्या मी गाळल्या होत्या.

मी २००१ साली आवाज चाचणी पास होऊन कॅज्युअल, म्हणजे ड्युटीपुरती बोलावली जाणारी हंगामी निवेदक, म्हणून आले तेव्हा मला वाटायचं, आवाज बरा आहे, उच्चार स्वच्छ आहेत, आणखी काय लागतं? महिन्याला सहा ड्युट्या. क्यूशीट म्हणजे कार्यक्रमांची यादी बघायची, फेडर म्हणजे आवाजाची पट्टी उघडायची, वेळ सांगायची. तुम्ही कार्यक्रम अधिकारी, शैक्षणिक विभाग तुमच्याकडे. मला रिकाम्या वेळात डबिंग रूममध्ये बसलेली बघून तुम्ही टेपचं एक स्पूल हातात दिलंत, केंद्राबाहेर जाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाचं. ‘ओबीचं आहे. साक्षरता वर्गातल्या बायकांचं. आठ मिनिटांचं पाच कर.’

मी केलं. मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीने खुणा, खाचेच्या पट्टीवर टेप, ब्लेडने तिरपा काप, वर पांढरी चिकटपट्टी. खोकले काढले, ‘अं अं’ काढले, कोंबडा काढला. पाच मिनिटं दोन सेकंद. छाती काढून तुमच्याकडे आणलं.

तुम्ही ऐकलंत, एका जागी थांबवलंत आणि विचारलंत, ‘इथे काय होतं?’

त्या जागी एका म्हातारीला विचारलं होतं की पहिल्यांदा सही केली तेव्हा काय केलंत. माझ्या टेपवर प्रश्न संपता संपता उत्तर येत होतं : ‘अंगठ्याची शाई धुतली.’ मी म्हटलं, ‘काही नव्हतं बाई, नुसती शांतता होती.’

तुम्ही काही न बोलता कचऱ्याचा डबा उलटा केलात. जमिनीवर बसून ती वेटोळी एकेक उचलून उजेडात धरत, मशीनवर हाताने ओढून ऐकत, शेवटी तो तुकडा शोधून काढलात. पट्टीने मोजलात. तीस इंच. ‘आपली टेप सेकंदाला साडेसात इंच पळते. म्हणजे चार सेकंद. ती बाई चार सेकंद विचार करत होती, आणि तू तिचा विचार डब्यात टाकलास.’ मग तो तुकडा परत जोडलात आणि त्याच्या बदल्यात माझं दहा सेकंदांचं निवेदन उडवलंत. त्या निवेदनावर मी अर्धा दिवस घालवला होता. तेव्हा राग आला होता, आता कबूल करते. पण ती मुलाखत हवेत गेली तेव्हा मी ड्युटी रूममध्ये उभी राहून ते चार सेकंद ऐकले, आणि पुढचं उत्तर मला पहिल्यांदा ऐकू आलं.

कानासाठी लिहायचं म्हणजे काय, हे मला बऱ्याच कार्यशाळांनी शिकवलं. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट, आकडे गोल करा वगैरे. ठीक आहे, उपयोगी आहे. पण तुम्ही अडीच फूट टेप हातात देऊन जे शिकवलंत त्याची पॉवरपॉइंट होत नाही. (कुणीतरी केली असेलच म्हणा.)

दुसरी गोष्ट एका झेरॉक्सची. २००६ मध्ये केंद्र सरकारने सामाजिक संस्थांना कम्युनिटी रेडिओची, म्हणजे गावातल्या लोकांनी चालवायच्या छोट्या केंद्रांची, दारं उघडली. म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झालं, ठिकठिकाणचे लोक शंभर वॉटच्या केंद्राची स्वप्नं घेऊन यायला लागले, आणि तुम्ही निवृत्त झाल्या झाल्या लोकांनी तुम्हाला ‘कन्सल्टंट’ करून टाकलं. मला मदतनीस म्हणून घेतलंत तेव्हा माझा प्रश्न होता, मिक्सर कोणता घ्यायचा, अँटेना किती उंच. तुम्ही मला चहाचे डाग पडलेली एक झेरॉक्स दिलीत. युनेस्कोने १९५९ साली छापलेला अहवाल, जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूराथ यांचा. मी आठ वर्षं ज्या केंद्रात काम केलं, तिथेच हा प्रयोग झाला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता!

१९५६ चा फेब्रुवारी ते एप्रिल. पुणे केंद्र सुरू होऊन जेमतेम अडीच वर्षं झालेली. पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावं, दहा आठवडे, वीस कार्यक्रम. कल्पना कॅनडातल्या शेतकरी श्रोता मंडळांवरून घेतलेली. गावात पंधरा-वीस जणांनी एकत्र बसून ऐकायचं, मग त्यावर बोलायचं, जमलं तर काही करायचं. मंडळाचा चिटणीस केंद्राला कळवायचा, आणि गावांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळायची. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे. त्यांनी तुलनेसाठी अशीही गावं घेतली होती जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं. तोच रेडिओ, तेच कार्यक्रम. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती भरभरून वाढली, नुसत्या रेडिओच्या गावांत जवळपास नाहीच.

त्या पानाच्या समासात तुमच्या अक्षरात एकच शब्द होता : ‘माणसं?’

तेव्हापासून कुणी ‘आम्हाला शैक्षणिक चॅनल काढायचंय’, ‘ॲप काढायचंय’, ‘स्टुडिओ बांधायचाय’ म्हणत आलं की मी पहिला प्रश्न तोच विचारते. ऐकताना पोराशेजारी कोण बसणार? निम्मे लोक तिथेच चिडतात. उरलेल्यांबरोबर काम करायला मजा येते.

आता पैशांचं. हा भाग तुम्हाला आवडणार नाही, पण मला सगळ्यात जास्त आभार याचेच मानायचेत.

स्वतंत्रपणे मिळालेलं माझं पहिलं काम. संस्थेने विचारलं, खर्चाचा अंदाज पाठवा. मी खाली लिहिलं : ‘मानधन : आपण योग्य समजाल ते.’ आपल्याकडे असंच लिहितात. पैशाचं नाव काढलं की जीभ टाळूला चिकटते, त्यातून बाई असली आणि विषय शिक्षणाचा असला की विचारूच नका, सगळे गृहीतच धरतात की ही सेवा आहे. तुम्ही ‘मानधन’वर काट मारलीत, वर ‘शुल्क’ लिहिलंत आणि तुमची स्वतःची तीन जुनी बिलं माझ्यापुढे टाकलीत. आकडे न झाकता. या धंद्यात इतक्या वर्षांत मला दुसऱ्या कुणीही आपला दर सांगितलेला नाही. ओळखी देतात, नंबर देतात, ‘माझं नाव सांग’ म्हणतात. दर मात्र कुणी सांगत नाही. तो न कळल्यामुळे नवीन माणूस पाच वर्षं फुकट राबतो.

त्या बिलांत मला कळलं की पटकथेचे पैसे वेगळे आणि मुलांसमोर वाजवून बघायचे वेगळे. दहा टक्के टीडीएस कापून येणार, तो धरूनच आकडा सांगायचा आणि वर्षअखेरीला प्रमाणपत्र मागून घ्यायचं. पुन्हा ध्वनिमुद्रणाची तरतूद आधीच ठेवायची, कारण ते लागतंच. आणि प्रत्येक बिलात एक विचित्र ओळ : ‘ऐकायला जाणे : ४ दिवस.’ म्हणजे गावात जाऊन ऐकणाऱ्यांशेजारी बसायचे दिवस. मी हसले होते. तुम्ही म्हणालात, ‘हसू नकोस. हिशेबनीस हमखास विचारतो हे काय आहे. तो विचारतो म्हणूनच ठेवायची. मग त्याला समजावून सांगायची संधी मिळते.’

ती ओळ मी एकदाच गाळली आणि तेव्हाच आपटले. २०२० ची गोष्ट. शाळा बंद. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून पहिली ते आठवीचे रोजचे कार्यक्रम लागायला लागले, नागपूर आकाशवाणीवरून मुलांसाठी धडे येत होते, आणि इतकी वर्षं ‘आता रेडिओ कोण ऐकतं’ म्हणणाऱ्या सगळ्यांना एकदम रेडिओ आठवला. मला एका संस्थेने दुसरीच्या गणिताचे ऑडिओ पाठ करायला दिले, पंधरा-पंधरा मिनिटांचे. मी अगदी तयारीने लिहिले. निकाराग्वात १९७४ पासून रेडिओवरून गणित शिकवण्याचा जो प्रयोग झाला, त्याच पद्धतीने : प्रश्न विचारायचा, थांबायचं, मुलाने घरात मोठ्याने उत्तर द्यायचं, मग रेडिओने सांगायचं. संहितेत प्रत्येक ठिकाणी ‘५ सेकंद’ लिहिलेलं. टाळेबंदीमुळे गावात जाता येत नव्हतं, म्हणून ‘ऐकायला जाणे’ काढून टाकलं. फोनवरून ऐकता आलं असतं, पण तेही सुचलं नाही. फायली स्टुडिओतून थेट पुढे गेल्या. पहिली दोन मिनिटं ऐकून मी ‘ओके’ कळवलं.

आठवड्याने एका आईशी फोनवर बोलले. तिने सहज सांगितलं, ‘तुमची ती बाई फार घाईत असते हो. आमचा पोरगा तोंड उघडायच्या आत तीच सांगून टाकते.’

फायली उघडल्या. स्टुडिओतल्या मुलाने सॉफ्टवेअरच्या एका बटणाने सगळ्या मोकळ्या जागा साफ केल्या होत्या. अकरा पाठ. त्याची चूक काय म्हणा, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही शांतता म्हणजे मुलाचं बोलणं आहे. संहिता त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती, नुसता आवाज पोचला होता. १९ वर्षांनी मी पुन्हा तेच केलं होतं, या वेळी डबा उलटा करायचीही सोय नव्हती.

रात्री दहाला तुम्हाला फोन केला. मला वाटलं होतं रागवाल. तुम्ही विचारलंत, ‘एकूण किती इंच?’ आणि मी रडता रडता हिशेब करायला बसले. एका पाठात बावीस जागा, पाच सेकंद, साडेसात इंच... आकडा सांगितला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘म्हणजे एका पाठातून जवळपास सत्तर फूट पोर कापलंस. आता दोन कामं कर. उद्या सकाळी संस्थेला तूच सांग, त्यांना दुसरीकडून कळायच्या आत. आणि पुन्हा करायचा खर्च मागू नकोस. ऐकलं नव्हतंस तू.’

सांगितलं. पदरचे पैसे घातले, अकराही पाठ पुन्हा बसवले. अंतिम अहवालात ‘अडचणी’ या रकान्यात लोक ‘नेटवर्क’ असं लिहितात. मी ही चूक जशीच्या तशी लिहिली. त्याच अहवालावरून मला पुढची दोन कामं मिळाली. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही लगेच म्हणाला असता, ‘म्हणून लिहायचं नसतं ते.’

त्या फोनवाल्या मुलीला मी काय सांगितलं ते ऐका, चुकलं असेल तर दुरुस्त करा. सांगितलं की तुमच्यासारखी तीस-पस्तीस वर्षांची कायम नोकरी आता जवळपास नाही. तुम्ही सरकारी खात्यात लागलात, १९९७ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शन चालवायला प्रसार भारती हे स्वायत्त महामंडळ आलं, खुर्ची तीच राहिली. ते पर्व वेगळं होतं. १९८४ साली पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही सरकारी संस्था उभी राहिली, त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले, विद्यापीठांत माध्यम केंद्रं आली. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. स्वयंप्रभाच्या सरकारी शैक्षणिक वाहिन्या त्याच वर्षी सुरू झाल्या. दारं बंद होतात, खिडक्या उघडतात, पण पगारपत्रक म्हणाल तर ते खिडकीतून मिळत नाही. काम आहे, तुकड्या-तुकड्यांत आहे : आज एका संस्थेची मालिका, उद्या कम्युनिटी रेडिओचं प्रशिक्षण, मध्येच विद्यापीठाचे व्हिडिओ पाठ. एकच कौशल्य घेऊन चालत नाही. संहिता, संकलन, मुलांसमोर बसून पारखणं, आणि अहवाल, तोही वेळेत. कॅज्युअलसाठी जरूर जा, सहा ड्युट्यांत घर चालत नाही, पण कान तयार होतो.

मग तिने चाचरत विचारलं, ‘आणि मॅडम, रेट वगैरे...?’ मी माझी तीन बिलं तिला पाठवून दिली. आकडे न झाकता.

असो. नवीन मालिकेचा तिसरा भाग तुमच्या व्हॉट्सॲपवर टाकलाय, सातवीचं विज्ञान. अकराव्या मिनिटाला एक जागा आहे. संकलक म्हणतो चार सेकंद पुष्कळ झाले, मला सहा हवेत, वाडीतल्या पोरांसमोर वाजवलं तेव्हा दोघं पाच आणि साडेपाचच्या मध्ये बोलले. हेडफोन लावून ऐका आणि सांगा. इंचात सांगितलंत तरी चालेल, त्याला मी सेकंद करून देईन.

तुमची,
सहा ड्युटीवाली