दुपारी झोपू नका

महोदय,

उन्हाळ्यात मुलांकडे न्यू जर्सीला गेलेले आईवडील पोहोचले की दुपारी पडदे ओढून झोपतात आणि रात्री २ वाजता टक्क जागे! तिथले घड्याळ तेव्हा भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते. दुपारी अडीचला शरीराची मध्यरात्र होते. नेमके तेव्हाच, २ ते ६, बाहेर उजेडात फिरावे. त्याने शरीराचे घड्याळ मागे सरकते. अगदीच पेंग आली तर २० मिनिटे, तीही गजर लावून. पहिल्या दिवशी संध्याकाळी ७ नंतरचे ऊन मात्र टाळावे, ते घड्याळ उलट दिशेला ढकलते. पुढे ही वेळ रोज तासाभराने लांबवावी. इन्सुलिनचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे; तिथे अंदाजपंचे नको.

– एक वाचक, पुणे