एमसीबी बदलू नका, वायरिंग तपासा

महोदय,

पुण्यातील जुन्या सोसायट्यांमध्ये बाथरूमच्या विद्युतजोडणीवर पडणाऱ्या जादा भाराकडे आपल्या दैनिकाने वाचकांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सहकारनगरमधील आमची इमारत चाळीस वर्षांहून जुनी आहे. ती बांधली तेव्हा पाणी बंबात तापत असे आणि बाथरूममध्ये एका दिव्यापलीकडे विजेचे काम नव्हते. अलीकडेपर्यंत त्याच दिव्याच्या लाइनवर आमच्याकडे ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर, पाणी तापवताना २००० वॅट घेणारे वॉशिंग मशिन आणि १००० वॅटचा हेअर ड्रायर चालत होता. तिन्ही एकाच वेळी सुरू झाले की २३० व्होल्टला सुमारे २६ अँपिअर प्रवाह होतो, आणि त्यामुळे १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, थंडीत रोज सकाळी पडत असे. बोलावलेल्या वायरमनने त्याच्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला. त्रास थांबला म्हणून आम्हीही समाधानी झालो, ही आमची मोठी चूक होती. काही आठवड्यांनी बोर्डातून जळका वास येऊ लागला. दुसऱ्या जाणकार वायरमनने बोर्ड उघडला, तेव्हा दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवरील आवरण वितळून तांबे उघडे पडलेले दिसले.

एमसीबी गिझरच्या रक्षणासाठी असतो, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक तो भिंतीतल्या वायरीसाठी असतो. प्रवाह दुप्पट झाला की वायरीत निर्माण होणारी उष्णता चौपट होते, आणि ३२ अँपिअरच्या एमसीबीला २६ अँपिअरचा भार जास्त वाटतच नाही. त्यामुळे वायर जळत राहते आणि तो मात्र पडत नाही. जुन्या घरांत फ्यूजला जाड तार गुंडाळण्याची जी सवय होती, तिचेच हे नवे रूप आहे.

आम्ही आता गिझरसाठी मुख्य बोर्डापासून चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन आणि २० अँपिअरचा एमसीबी घेतला, मशिनसाठी वेगळी लाइन टाकली, अर्थिंग तपासून घेतले आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज केला. ओल्या जागेत माणसाला धक्का लागण्याचा धोका असतो. एमसीबी त्यापासून वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, तोही बसवला. खर्च झाला, पण तो एका चांगल्या गिझरच्या किमतीपेक्षा फार वेगळा नव्हता.

सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी होतात, म्हणजे थंडी सुरू होण्याआधी. रंगकाम आणि पार्किंग यांबरोबर परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक सदनिकेच्या बाथरूमची लाइन तपासून घेण्याचा विषयही यंदा सभेपुढे ठेवावा, अशी माझी सर्व पदाधिकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सहकारनगर, पुणे