तुझ्या जड पायाबद्दल

प्रिय नंदू,

परवा फोनवर म्हणालास, "अटॅक येत नाहीत रे आता, पण पाय दर वर्षी थोडा अजून जड होतोय." ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. फोनवर मी नुसता 'हं, हं' करतो, तुला माहीतच आहे.

तुझ्या एमएसवर, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जातंतूंवर उलटते त्या मल्टिपल स्क्लेरोसिसवर, १९९३ साली इंटरफेरॉन हे औषध आलं, २०१० साली पहिली गोळी, २०१७ साली ऑक्रेलिझुमॅब. तेच, जे तू दर सहा महिन्यांनी सलाईनमधून घेतोस. ते रक्तातल्या बी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या काही पेशी, मारतं, त्यामुळे मेंदूवरचे हल्ले थांबतात. पण तुझा पाय बहुधा आतल्या धगीमुळे जड होतोय. मेंदूतच वस्तीला असलेल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी वर्षानुवर्षं धुमसत राहतात आणि ऑक्रेलिझुमॅबसारख्या अँटीबॉडीचा मोठा रेणू तिथवर फारसा पोचत नाही.

तू पाठवलेल्या कात्रणातली टोलेब्रुटिनिब ही गोळी तिथे पोचते. अटॅक थांबूनही त्रास वाढतच गेलेल्या रुग्णांवर तिची चाचणी झाली. २०२५ साली निकाल छापून आला: नुसत्या खोट्या गोळीच्या तुलनेत अपंगत्व वाढण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी. आणि गंमत बघ, अटॅक रोखण्यात हीच गोळी जुन्या टेरिफ्लुनोमाइडपेक्षा सरस ठरली नाही. मला तर यशापेक्षा हे अपयशच जास्त बोलकं वाटलं. एकाच नावाखाली दोन दुखणी नांदतायत.

पण हुरळू नकोस. काही जणांच्या यकृताला गंभीर इजा झाली. चाचणीतला एक रुग्ण यकृत बदलल्यानंतर दगावलाही. शिवाय धोका ३१ टक्क्यांनी कमी म्हणजे गेलेली ताकद परत येते असं नाही; घसरण मंदावते, इतकंच.

आता रागावून लिहितो. क्लेमास्टिन मेडिकलमधून आणायचा विचार सोड! अ‍ॅलर्जीच्या या जुन्या औषधाने मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण, थोडं दुरुस्त होतं असं २०१७ च्या एका छोट्या चाचणीत दिसलं, खरंय. पण पुढे दुसऱ्या चाचणीत तुझ्यासारख्याच काही रुग्णांचा त्रास उलट झपाट्याने वाढला आणि ते औषध थांबवावं लागलं. तुझ्या पायावर प्रयोग करायला तू एकटा मालक नाहीस, आम्हीही आहोत.

पुढच्या तपासणीला मी सोबत येतो. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ठेवलेत. पहिला यकृताचा आहे.

तुझा,
श्रीकांत